व्हीलचेअरवाल्या धडधाकट काकांस

स. न. वि. वि.

काका, तुमच्या गुडघ्यांचं मनापासून अभिनंदन! रोज सकाळी ज्वेल ऑफ नवी मुंबई उद्यानात तरातरा फेऱ्या मारणारे हे गुडघे विमानतळाच्या दारात राम म्हणतात, आणि उतरल्यावर सामानाचा पट्टा दिसला की टुणकन जिवंत होतात. पूर्वी मुंबईच्या सहार विमानतळापर्यंत गाडीत बसून पाय आखडले, असं तरी सांगता यायचं. 25 डिसेंबर 2025 पासून नवी मुंबईतूनच विमानं उडू लागली. सीवूड्सहून तिथं पोहोचेपर्यंत एवढं दुखणं जडतं कसं?

माझा आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, इतका चलाख नाही. पहाटेच्या विमानासाठी उठावं, तर पहिला तासभर मूठ वळत नाही. बॅगेची चेन लावायला लेकीला हाक मारावी लागते. इंजेक्शन 2 ते 8 अंशांत ठेवायचं, म्हणून थंड पिशवी आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या बॅगेत. चेक-इनच्या सामानात दिलं आणि विमानाच्या पोटात गोठलं, तर फेकूनच द्यायचं. प्रवास 4 तासांच्या वर असला की पायात रक्ताची गुठळी होण्याची भीती, म्हणून पाणी पीत राहायचं, घोटे फिरवायचे, मधूनमधून उठून चालायचं. पण चालायला सांधे उरायला हवेत ना? ते रांगेतच खर्ची पडू नयेत म्हणून मी नियमाप्रमाणे 48 तास आधी व्हीलचेअर सांगते. काउंटरवर उत्तर मिळतं, "मॅडम, थांबावं लागेल, खुर्च्या संपल्यात." आणि शेजारून तुमची स्वारी निघते, मांडीवर लॅपटॉप, रांगेकडे कृपादृष्टी.

खुर्ची नेलीत, एक वेळ तेही सोडा. माझी सूज बुटात असते, कळ गोळीखाली दबलेली. वरून मी ठणठणीत दिसते. त्यामुळे खुर्ची मिळालीच, तर ढकलणारा मुलगा हळूच विचारतो, "मॅडम, खरंच लागते का?" त्याचा काय दोष? दिवसभर त्यानं तुमच्यासारखेच वाहिलेले असतात. रांग तुम्ही चुकवता, खोटेपणाचा आळ मात्र माझ्यावर येतो.

तेव्हा पुढच्या खेपेस 48 तास आधी विमान कंपनीबरोबर गुडघ्यांनाही कळवत चला. लंगडायलाही थोडा सराव लागतो.

कळावे, लोभ आवरावा ही विनंती.

आपली,
रांगेत तुमच्या मागे उभी असलेली एक आमवाती