मध्यस्थाविना, मध्यस्थांमार्फत

वेबआरटीसी हे दोन ब्राउझर थेट जोडणारे तंत्र. गूगलने ते 2011 मध्ये खुले केले आणि वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने जानेवारी 2021 मध्ये त्याला अधिकृत मानकाचा दर्जा दिला. विकेंद्रित समाजमाध्यमांच्या पुरस्कर्त्यांचा या तंत्रावर भारी जीव. कारण त्यात म्हणे मधला कोणी नाही.

प्रत्यक्ष क्रम असा. मीरा रोडच्या एखाद्या सोसायटीत ए विंगच्या ब्राउझरला बी विंगशी बोलायचे असेल, तर आधी दोघांची गाठ घालून देणारा सिग्नलिंग सर्व्हर लागतो. राउटरमागच्या संगणकाला स्वतःचा सार्वजनिक पत्ता ठाऊक नसतो. तो सांगायला स्टन सर्व्हर लागतो. मोबाइल कंपन्या तर एकाच पत्त्यावर अनेक ग्राहक कोंबतात. त्यामुळे थेट वाट सापडली नाही, की टर्न सर्व्हर सगळा मजकूर वाहून नेतो. समोरच्या गॅलरीतून आलेला ‘जेवलात का?’ हा प्रश्न मग परराज्याची वारी करून पोचू शकतो. वाटेत तो कूटबद्ध असतो, एवढे मात्र खरे. बी विंगने टॅब बंद केला, की संवाद संपला. निरोप ठेवून घ्यायचा तर पुन्हा सर्व्हर आलाच. ‘दलाल नकोत’ अशा पाटीवरचा फोन दलालानेच उचलावा, तशातला हा प्रकार.

तात्पर्य, मध्यस्थ हटत नाही, फार तर बदलता येतो. नव्या विकेंद्रित माध्यमात शिरण्यापूर्वी टर्न सर्व्हरचे बिल कोण भरते, एवढे विचारून घ्यावे.