छातीवरची सॅक

पाठीवरची सॅक छातीवर घ्यायला कल्याण-डोंबिवलीकराला कोणी शिकवावं लागत नाही. सकाळच्या फास्ट लोकलला ती पाठीवर ठेवली तर माणूस ठाण्याला उतरतो आणि सॅक पुढे दादरला जाते. तरीही हाच माणूस मलेशियातल्या पेनांगला जाऊन आला, आठ खाटांच्या खोलीत झोपला, टपरीवर उभ्या उभ्या नूडल्स खाऊन आला, की वर्षभर 'बॅकपॅकर' म्हणून मिरवतो. मीही त्याच जातीचा, म्हणून अधिकारवाणीने सांगतो: हाल सोसत, पैसे मोजून वापरत, दहा भाषांच्या गर्दीतून वाट काढायची ही कला आम्ही विमानाचं तिकीट काढून शिकायला जातो आणि घरी मात्र तिच्याच नावाने बोटं मोडतो. पेनांगच्या जॉर्जटाउनमध्ये मशीद, चर्च, चिनी देऊळ आणि मारिअम्मनचं कोविल एकाच रस्त्यावर आहे, याचं आम्हाला कोण अप्रूप! त्या शहराला 2008 साली युनेस्कोने जागतिक वारसा ठरवलं. ठाण्याच्या टेंभी नाक्याला तसं कोणी काही ठरवलं नाही, त्यामुळे तिथलं 1879 सालचं बेने इस्रायलींचं सिनेगॉग, पारशांची अग्यारी आणि जैन मंदिर यांच्याकडे बघायचं आमच्यावर बंधन नाही. सिनेगॉगातली मंडळी घरी मराठी बोलतात, त्यांच्या मलिद्याला पोहे, खोबरं आणि साखर लागते. तिथून दहा रुपयांत कल्याण, आणि पलीकडे फाळणीच्या निर्वासित छावण्यांतून उभं राहिलेलं उल्हासनगर. तिथे न्याहारीला दालपकवान मिळतं. पासपोर्ट लागत नाही, हीच बहुधा अडचण आहे.

यावर हमखास आक्षेप येतो की रोजचं दिसत नाही, बघायला लांबच जावं लागतं. आक्षेप बिनतोड आहे आणि त्याचा पुरावा खुद्द ठाण्यातच आहे. 1321 साली इथे चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले. त्यानंतर थोड्याच काळात ओडोरिक नावाचा त्यांचा इटालियन गुरुबंधू ठाण्याला पोहोचला. हा माझा लाडका प्रवासी, त्यामुळे जरा रेंगाळू द्या. भिक्षेवर जगायचं व्रत असलेला, म्हणजे बजेट शून्य. त्याने त्या चौघांच्या अस्थी कापडात गुंडाळल्या आणि सुमात्रा-जावामार्गे थेट चीनपर्यंत नेल्या. वाटेत एका घरी तर त्या उशाला घेऊन झोपला! आजच्या स्वस्त विमानात सात किलोच्या हातसामानात हे कसं बसवलं असतं देव जाणे. एवढ्या लांबून आलेल्या या माणसाने ठाण्याबद्दल काय लिहून ठेवलं, तर इथले उंदीर कुत्र्याएवढे असतात आणि मांजरांना आवरत नाहीत. बिचाऱ्याने घूस पाहिली असणार. म्हणजे लांबून आलेल्याला दिसतं हे खरं, पण काय दिसेल याची हमी नाही.

ओडोरिकचं व्रत होतं. आमची काटकसर म्हणजे साबुदाण्याच्या खिचडीवरचा उपास. पाकिटात कार्ड असतं, परतीचं तिकीट असतं, आणि त्यांच्या जोरावर चार दिवस गरिबी खेळायची असते. खेळायला हरकत नाही. पण कल्याणच्या शेजारी भिवंडीत यंत्रमागावर पाळ्या करणारी माणसं एका खोलीत आळीपाळीने झोपतात, एकाने पथारी सोडली की दुसरा तिच्यावर आडवा होतो आणि जेवायला महिन्याच्या बोलीने भिशीत जातो. तीही सॅक घेऊनच आलेली असतात, भाषा न कळणाऱ्या शहरात. त्यांना आम्ही 'लोंढे' म्हणतो. आणि मलेशियात तमिळ मुसलमानाच्या मामक टपरीवर रोटी चनाई खाताना, पूर्वजांबरोबर समुद्र ओलांडून आलेल्या त्या चवीने गहिवरतो. म्हणजे दुसऱ्यांचे लोंढे मुरून दोन-तीन पिढ्या झाल्या, की ते आम्हाला रुचकर लागतात. या हिशेबाने भिवंडीच्या भिशीचं कौतुक करायला आमची नातवंडं येतील, बहुधा मार्गदर्शक घेऊन आणि नोंदणी करून.

मग जायचंच नाही का? जावं की, खुशाल जावं; पेनांगला समुद्र आहे, आणि आमच्या खाडीकाठी फार वेळ उभं राहवत नाही. फक्त परतल्यावर आठ खाटांच्या खोलीचे हाल ऐकवायला माणूस निवडताना एवढं बघावं, की तो रात्रपाळी संपवून आलेला नसावा.