काय दाबलंत?

काका दारात चपला काढतानाच हा प्रश्न टाकतात. 'काय झालंय' नाही, 'केव्हापासून' नाही. सरळ 'काय दाबलंत?' आपण म्हणावं, काही नाही हो, मी हातसुद्धा लावला नाही. त्यावर काका चष्म्यावरून असं बघतात, की शाळेत न फोडलेल्या काचेचीही कबुली द्यावीशी वाटते.

या काकांचं नाव सांगायची गरज नाही. तुमच्या सोसायटीत ते आहेतच. निवृत्त, पंचाहत्तरीच्या पुढचे, शर्टाच्या खिशात टेस्टर, हातात बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा आणि त्या डब्यात जगातल्या कुठल्याच यंत्राला न बसणारे स्क्रू. पैसे घेत नाहीत, त्यामुळे बोलताही येत नाही.

आमच्या काकांच्या मते जगात आपोआप काहीच बिघडत नाही. लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर अडकली आणि आत बी विंगमधल्या जोशीकाकू घामाघूम, तर काका जाळीतून ओरडले, "काय दाबलंत?" इंडक्शनवरचं दूध उतू गेलं, काय दाबलंत? मतदानाच्या दिवशी बोटाची शाई वाळवत परतणाऱ्या शेजाऱ्याला त्यांनी सवयीने हेच विचारलं. तो माणूस गुप्त मतदानाच्या हक्कावरून अजून त्यांच्याशी बोलत नाही. याहू मेसेंजर १७ जुलै २०१८ला बंद झालं, स्काइप ५ मे २०२५ला गेलं. दोन्ही वेळा काकांनी पेपर घडी करून ठेवला आणि म्हणाले, "अमेरिकेत कुणीतरी काहीतरी दाबलं."

तर गणपतीला आम्ही गावी गेलो होतो. परत आल्यावर कॉम्प्युटरवरचं गप्पांचं ॲप उघडेना. फोनवर ते धडधाकट होतं. पण दोन अंगठ्यांनी लेख लिहिणाऱ्या पिढीतला मी नाही. मला कीबोर्ड लागतो, आणि संपादकांना लेख त्याच ॲपवर लागतो. आयकॉनवर दोनदा टिचकी मारली की एक पांढरी खिडकी उघडायची, मधे एक गोल गरगर फिरायचा आणि खिडकी गडप.

काका आले. प्रश्न विचारून झाला. खुर्ची मला द्यावी लागली, म्हणजे सोडावी लागली, कारण काका काम करताना दुसऱ्या कुणाला माउसला हात लावू देत नाहीत. दोन्ही हातांची बोटं फाकवून त्यांनी कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबलं. टास्क मॅनेजर उघडला. "हा बघा, मेलेला नाहीये, आत दडून बसलाय," म्हणत त्यांनी यादीतून ॲप हुडकलं आणि संपवलं. परत उघडलं. गोल, गडप. मग सेटिंग्जमध्ये शिरून 'रिपेअर' झालं, 'रिसेट' झालं. मग अँटिव्हायरसवर संशय. मग सी ड्राइव्ह भरलाय म्हणून साफसफाई. "हे 'दिवाळी अंक' नावाचं फोल्डर लागतं का?" असं त्यांनी विचारलं तेव्हा माझा प्राण जायच्या बेतात होता, कारण त्यांचं बोट डिलीटवरच टेकलेलं होतं.

शेवटी ॲप समूळ काढून नव्याने घ्यायचं ठरलं. काढलं. घ्यायला गेलो तर स्टोअरच उघडेना.

"नेट स्लो आहे," काका म्हणाले. नेटच्या कंपनीतही कुणीतरी काहीतरी दाबलं असणार.

यानंतर उरतं ब्रह्मास्त्र. कॉम्प्युटर बंद करायचा, भिंतीवरचं बटण बंद करायचं, तीस मोजायचे आणि पुन्हा सगळं सुरू करायचं. काका मोठ्याने मोजतात. सतराला बायकोने चहा आणला, साखर किती हे विचारून झालं आणि मोजणी पुन्हा एकपासून सुरू झाली.

चहाचा कप उचलताना तिनेच विचारलं, "अहो, यात आज १ जानेवारी २०१५ कशी?"

पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, खाली, बारीक अक्षरांत ती तारीख होती. दीड तास आम्ही दोघे त्या कोपऱ्यापासून वीतभर अंतरावर बसलो होतो.

काकांनी तारीख नीट केली. स्टोअर उघडलं, ॲप आलं, फोनने कोड स्कॅन केला आणि धडाधड निरोप पडायला लागले. मग काकांनी कारण सांगितलं, आणि हे त्यांना खरंच छान सांगता येतं. पलीकडचा सर्व्हर आपल्याला ओळखपत्र दाखवतो. त्यावर कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, असं लिहिलेलं असतं. आपला कॉम्प्युटर बसलाय २०१५मध्ये. त्याला वाटतं, हा माणूस दहा वर्षांनंतर निघणारं कार्ड आजच घेऊन आलाय, म्हणजे तोतया. लावा दार.

जाताना काकांनी नेमाने भिंतीवरचं बटण बंद केलं. वीज वाचते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोल, गडप. १ जानेवारी २०१५. "काय दाबलंत?" काका कळवळून म्हणाले. तारीख नीट केली, ॲप उघडलं, बटण बंद केलं, गेले. तिसऱ्या दिवशी तेच. मात्र त्या दिवशी काकांनी तारखेला हात लावण्याआधी मी ती फोनवरून बघून स्वतःच बरोबर केली होती. काका आले ते तडक ब्रह्मास्त्रावर गेले. बटण, तीस आकडे, पुन्हा बटण. पडदा उजळला आणि माझ्या डोळ्यांदेखत २०१५ परत आलं.

बारा वर्षं मी या सोसायटीत राहतो. बारा वर्षं या क्षणाची वाट पाहिली. खुर्चीच्या पाठीवर हात टेकून मी शांतपणे विचारलं, "काका, काय दाबलंत?"

वाटलं होतं, चिडतील. ते बटणाकडे बघत उभे राहिले, मग हळूच बसले.

काका तारखात्यात होते, हे माहीत होतं. पण तिथे काय करत, हे मी कधी विचारलं नव्हतं. "दाबायचो," ते म्हणाले. टेबलावर बोट टेकवून त्यांनी दाखवलं, कड कट्ट, कड कट्ट. नोकरीची पहिली काही वर्षं मोर्सचा खटका, पुढे टेलिप्रिंटर. मोर्समध्ये पाच म्हणजे पाच टिंबं. चार म्हणजे चार टिंबं आणि एक रेघ. पाचवं टिंब दाबताना बोट जरा रेंगाळलं की पाचाचा चार होतो. एका मुलाने बापाला कळवलं होतं, ५ तारखेला पोचतो. तार गेली ४ची. बाप ४ला रात्रभर एसटी स्टँडवर बसून राहिला आणि सकाळी तारऑफिसात आला. भांडायला नाही; मुलाचं काही बरंवाईट तर नाही ना, एवढंच विचारायला.

"तारमास्तरांनी सगळ्यांसमोर विचारलं मला. काय दाबलंत म्हणून."

मी काहीच बोललो नाही. १४ जुलै २०१३ला, तार बंद व्हायच्या शेवटच्या दिवशी, काका रांगेत उभे राहिले होते, आणि स्वतःलाच एक तार करून आले होते. तारीख बरोबर पडली होती, असं त्यांनी मुद्दाम सांगितलं.

मग बिस्किटांचा डबा उघडला. त्यातला एक स्क्रूड्रायव्हर आयुष्यात पहिल्यांदा कशाला तरी बसला. कॅबिनेटचं झाकण निघालं, धुळीत रुपयाच्या नाण्यासारखा एक सेल चमकत होता. वीज नसताना घड्याळ जिवंत ठेवायचं काम त्याचं, आणि तोच मेला होता. गावी जाताना मी मेन स्विच बंद केला तेव्हा पहिल्यांदा तारीख गेली; पुढचे दोन दिवस ते पुण्यकर्म काकांनी केलं. सीआर २०३२, काकांनी वाचलं, म्हणजे २० मिलिमीटर रुंद, ३.२ मिलिमीटर जाड. नावातच माप. कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याकडून ते स्वतः घेऊन आले, ४० रुपयांना. पैसे घेतले नाहीत.

सेल खोबणीत ठेवून त्यांनी टॉर्च धरला आणि मला पुढे बोलावलं.

"हं, आता दाबा."

दाबलं. ॲप तेव्हापासून उघडतंय. तुमचा कॉम्प्युटर जुना असेल तर काकांना हाक मारण्याआधी उजव्या कोपऱ्यातली तारीख एकदा बघून घ्या. आणि ते निघाले की त्यांच्याबरोबर दारापर्यंत जा. वाटेत भिंतीवरचं बटण लागतं.