सव्वादोन घनमीटर संस्कृती

पगाराची सात तारीख उलटल्यावर येणाऱ्या पहिल्या रविवारी नाशिकजवळच्या अंबडच्या कुठल्याही सुपरमार्केटात जाऊन बघा. मराठी माणसाला व्यवहार कळत नाही असं म्हणणाऱ्याची कीव येईल. पाच लिटर तेलामागे किती सुटले, हे इथली गृहिणी ट्रॉली ढकलता ढकलता सांगते. कपड्यांच्या पावडरीवर बादली फुकट मिळते म्हणून घरात बादल्यांची चळत उभी असते. पाणी नळाला येईल तेव्हा येईल.

या दुकानात आणखी काय मिळतं? सोड्याच्या बाटल्या मिळतात, दोनवर एक फुकट. खारे शेंगदाणे, मसाला काजू, चकलीचे तुकडे सगळं ‘फॅमिली पॅक’मध्ये. काचेचे ग्लास सहाच्या संचात, बर्फाचा ट्रे, लिंबं, आणि दुसऱ्या दिवशीसाठी डोकेदुखीचा बामसुद्धा. म्हणजे बैठकीची झाडून सगळी सामग्री किराण्यात, फक्त उत्सवमूर्ती बाहेर. कारण ती आत आली तर संस्कृती बुडेल.

ती बुडवायचा एक प्रयत्न झाला होता. २७ जानेवारी २०२२ रोजी तेव्हाच्या मंत्रिमंडळाने राज्यात तयार झालेली वाइन सुपरमार्केटात विकायला मान्यता दिली. दुकान किमान १०० चौरस मीटरचं हवं, शाळा आणि देवळापासून लांब हवं, दारूबंदीच्या जिल्ह्यात नको, आणि बाटल्या ठेवायला किमान २.२५ घनमीटरचं, कुलूप लावता येईल असं कपाट हवं. संस्कृतीचं नेमकं आकारमान सरकारी कागदावर प्रथमच नमूद झालं.

मग जे व्हायचं तेच झालं. सत्ताधारी म्हणाले, वाइन म्हणजे दारू नव्हे. विरोधक म्हणाले, महाराष्ट्राचं मद्यराष्ट्र होतंय. अण्णा हजारेंनी १४ फेब्रुवारीपासून उपोषण जाहीर केलं आणि राळेगणसिद्धीच्या ग्रामसभेनंतर ते स्थगितही केलं. सरकारने हरकती आणि सूचना मागवल्या. जूनअखेर सरकारच बदललं, आणि ते कपाट मंत्रालयातच कुठेतरी कुलूपबंद राहिलं.

आमच्या सोसायटीच्या चेअरमनना तेव्हा फार हायसं वाटलं. “अहो, लेकरांच्या डोळ्यांसमोर बाटली दिसणार! संस्कार काय राहतील?” असं ते पोटतिडकीने विचारत. खरंच आहे. लेकरांनी बाटली बघायची ती योग्य ठिकाणी. दुसरी पाळी सुटते तेव्हा एमआयडीसीच्या रस्त्याला लागणारं दुकान बघा. लोखंडी जाळी, जाळीत हात जाईल एवढी फट, फटीसमोर वीस हात. कुणी कुणाच्या तोंडाकडे बघत नाही. ‘क्वार्टर’ एवढाच मंत्र पुटपुटायचा, काळ्या पिशवीत प्रसाद घ्यायचा आणि हेल्मेट न काढता निघायचं. शेजारच्याच अंडाभुर्जीच्या गाडीवर लेकरं बसलेली असतात, पण त्यांच्या संस्कारांना धक्का लागत नाही, कारण ती रांग आहे, ट्रॉली नाही. चेअरमनही त्याच रांगेत असतात. मात्र अंगात जॅकेट असतं, तेही मे महिन्यात.

या दुकानाच्या पाटीवर वाइन असते आणि आत ती सगळ्यात वरच्या फळीवर, ट्यूबलाइटला चिकटून, उभीच्या उभी, धूळ खात. अर्ध्या-पाऊण तासावर गंगापूर धरणाच्या कुशीत जी बाटली वायनरीच्या थंड तळघरात जपून ठेवलेली असते, ती इथे नाशिकचा अख्खा उन्हाळा पत्र्याखाली काढते. पाव्हणा विचारतो, ही जुनी आहे का? दुकानदार अभिमानाने सांगतो, तीन वर्षं झाली साहेब, हलवलेलीसुद्धा नाही.

आता राज्याचा कायदा बघा. तो १९४९चा, नाव दारूबंदीचं; आणि त्याच कायद्याखाली परवाने वाटणारं उत्पादन शुल्क खातं तिजोरीचा भक्कम खांब. दिल्लीचं औदार्य तर आणखी मोठं. डिसेंबर २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियाशी केलेला करार लागू झाला. पाच डॉलरच्या वरच्या बाटलीचं आयात शुल्क १५० टक्क्यांवरून १०० वर आलं, पंधरा डॉलरच्या वरचीचं ७५ वर, आणि पुढेही ते टप्प्याटप्प्याने उतरणार. दहा हजार किलोमीटरवरून येणाऱ्या वाइनला बंदरावर सवलत. दिंडोरीच्या वाइनला अंबडच्या किराण्यात बंदी. अतिथी देवो भव, ते हेच.

शेतकऱ्यांच्या नावाने मात्र कुणी गळा काढू नये. सुपरमार्केटच्या निर्णयाला त्यांचं हित जोडलं होतं खरं, पण निफाड-दिंडोरीतला बहुतेक शेतकरी थॉमसन, सोनाका लावतो. ही खायची द्राक्षं. चांगल्या वाइनला लागतात शेनिन ब्लाँ, शिराझ असल्या बारीक मण्यांच्या, बियांच्या जाती, आणि त्या बहुतेक करारावर लावल्या जातात. गारपिटीत थॉमसनचा घड फुटला तर सुपरमार्केटातलं कपाट त्याच्या कामाचं नाही. दोन्ही बाजूंच्या भाषणांत शेतकरी होता. कपाटात तो कधीच नव्हता.

उद्या कपाट उघडलंच, तर अंबडकर पहिल्यांदा सवलतीचीच बाटली उचलणार, म्हणून एक सांगून ठेवतो. वाइन जितकी जुनी तितकी चांगली, हे मोजक्या, नीट साठवलेल्या वाइनबद्दल खरं. आपल्याकडची बरीचशी वाइन, त्यातही पांढरी, एक-दोन वर्षांत प्यायचीच असते. तेव्हा ‘निम्म्या किमतीत’ची चिठ्ठी दिसली की आधी लेबलावरचं द्राक्षतोडीचं वर्ष वाचा, बाटली किती उन्हाळे कुठे उभी होती ते विचारा. नाहीतर बादली फुकट घेतल्यासारखं होईल, आणि ही बादली पिऊन संपवावी लागेल.

आणि सरकारला, ते कुठल्याही पक्षाचं असो, एकच विनंती. निर्णय चुकीचा वाटत असेल तर तो रद्द केल्याचं छातीठोकपणे जाहीर करा. बरोबर वाटत असेल तर वय तपासायला चोख माणूस बसवून कपाट उघडा. दारू वाईट म्हणायची आणि तिच्यावरचा महसूल मोजताना बोटं थकवायची, ही सवलत तरी आता बंद करा.