काका, ह्यो कन्व्हर्टर कुणी लावला?

कोल्हापूरच्या माणसाला यंत्रातलं काही कळत नाही, हे मान्य करणं फार अवघड आहे. म्हणजे कोल्हापूरच्या माणसालाच अवघड आहे. बाकीचे पटकन मान्य करतात. मी आयुष्यभर एका सहकारी बँकेत व्हाउचरं तपासली. पण शिवाजी उद्यमनगर आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. लेथची घरघर ऐकत लहानाचा मोठा झालेल्या माणसाच्या अंगात थोडं तरी ग्रीस मुरणारच, अशी माझी पक्की समजूत. त्यामुळे एअर फ्रायर चालता चालता बंद पडायला लागला, तेव्हा घरात मी एकटाच मनातून खूश होतो.

फ्रायर कुठल्या कंपनीचा ते सांगत नाही, कारण पुढे कळेलच, बिचारीचा काही दोष नव्हता. माझा कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट पुण्याच्या लेकीनं बघितला आणि आठवड्याच्या आत खोकं दारात. नाव फ्रायर असलं तरी हे यंत्र काही तळत नाही. वर हिटरचं वेटोळं, त्याच्या डोक्यावर पंखा, आणि बंद पेटीत गरम हवा गरागरा फिरवायची. २०१० साली फिलिप्सनं बर्लिनच्या प्रदर्शनात ते मांडलं आणि जगभरच्या डॉक्टरांना पेशंटशी बोलायला एक नवा विषय मिळाला.

आमच्या फ्रायरचं दुखणं असं: चिकन लावलं की पाचसात मिनिटं झकास चालायचं. मग पंखा गप्प, दिवे गप्प. थोड्या वेळानं स्वतःहूनच पुन्हा सुरू. शिवाय कसलासा वास. बायको म्हणायची जळका, मी म्हणायचो मसाल्याचा.

तपासाला मी पद्धतशीर सुरुवात केली. आधी प्लग काढला, यंत्र गार होऊ दिलं. (हे लेकीनं फोनवर सांगितलं होतं, पण मला आधीपासून माहीत असल्यासारखं मी केलं.) मग टोपली. ती पुरती आत बसली नाही तर आतला बारीक खटका दाबला जात नाही आणि यंत्र सुरूच होत नाही. आमच्या टोपलीच्या कडेला कांदा-लसूण चटणीचा असा थर बसला होता की त्यावर आणखी एका रविवारचं जेवण निघालं असतं. तो ओल्या फडक्यानं काढला. वरच्या वेटोळ्यावर उडालेलं तेलही पुसलं, कारण तिथं चरबी साचली की पांढरा धूर निघतो. लेकीनं बजावलं होतं, ‘बाबा, पांढरा धूर असेल तर साफ करा. काळा असेल, नाहीतर प्लास्टिकचा वास येत असेल, तर आधी बटण बंद. पाणी अजिबात मारायचं नाही.’ तांबडा-पांढरा रस्सा ओळखण्यात कोल्हापूरकराची हयात जाते, त्याला काळा-पांढरा काय शिकवता, असं मी म्हणून घेतलं. यंत्र पुन्हा लावलं. पाचसात मिनिटं झकास. मग गप्प.

आता उघडणं आलं. पेचकसांचा डबा काढला, फ्रायर उलटा केला, तर खाली तिकोनी खाचेचे स्क्रू! चपटा चालेना, फुलीचा चालेना. गिऱ्हाइकानं उघडू नये म्हणूनच मुद्दाम तसे घालतात म्हणे. पैसे आमचे, ओटा आमचा आणि आतलं बघायचं नाही! माझी चिडचिड व्हायला लागली की मी बाबूराव पेंटरांवर येतो, त्याप्रमाणे आलो.

इथं जरा थांबावं लागेल, कारण हा विषय निघाला की मला थांबता येत नाही. आनंदराव आणि बाबूराव, नात्यानं भाऊ, आडनाव मेस्त्री, धंदा नाटकांचे पडदे रंगवायचा. १९१३ साली फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला आणि या दोघांच्या डोक्यात सिनेमाचं खूळ शिरलं. सिनेमाला कॅमेरा लागतो. परदेशी कॅमेरा परवडत नाही. मग काय, बनवायचा! कोल्हापुरात बसून, हातानं, आधी कुणी बनवलेला नसताना. १९१६ साली आनंदराव गेले, कॅमेरा अर्ध्यात राहिला. दुसऱ्या कुणी तो अडगळीत टाकला असता. बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरलं आणि १९१८ साली तो चालता केला. त्यातून महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली, १९२० साली ‘सैरंध्री’ निघाला, टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हटलं. हेच दामले पुढे १९२९ साली ‘प्रभात’च्या संस्थापकांत. खरी कॉर्नरला आजही कॅमेऱ्याचं स्मारक आहे. पाहुणे आले की मी त्यांना आधी तिथं नेतो, अंबाबाई नंतर. (पाहुण्यांचा क्रम उलटा असतो, पण गाडी माझी असते.) तर ज्या गावात हे घडलं, त्या गावच्या माणसानं चिकन गरम करायच्या पेटीपुढे हात टेकायचे?

हे सगळं मी बायकोला पेचकस हातात धरून ऐकवलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘अहो, त्या कॅमेऱ्याला वायर होती का?’

नव्हती. हातानं दांडा फिरवायचा कॅमेरा तो. विजेचा काही संबंधच नाही. माझा हा इतिहास आजवर कितीकांनी ऐकला, पण हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी उत्तर जुळवेपर्यंत तिनं स्वयंपाकघराचा एमसीबी खाली पाडला होता.

एरवी मी वाद घातला असता. पण जळक्या वासाची थट्टा या गावात आता फारशी कुणी करत नाही. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवराव भोसल्यांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, त्यांच्या नावाचं नाट्यगृह जळालं. शाहू महाराजांनी उभारलेलं. रस्त्यावर उभी असलेली मोठमोठी माणसं रडत होती. आम्हीही गेलो होतो. परत येताना बायको काही बोलली नाही; घरी आल्यावर तिनं गॅसचा कॉक, इस्त्री, गिझर, सगळं एकदा हात लावून बघितलं. तेव्हापासून रोज रात्री बघते.

आणि तो हात. तिच्या उजव्या हातावर मनगटापासून वरपर्यंत तेल उडून पडलेले बारीक डाग आहेत, काही जुने पांढरट, काही तपकिरी. माझे मित्र पावसात भिजून अवेळी येत, मी आतल्या बाजूला तोंड करून ‘भजी टाक गं’ म्हणे, त्या सगळ्या संध्याकाळींचे. फ्रायर माझ्या कोलेस्टेरॉलसाठी आला असं मी इतके दिवस समजत होतो. लेकीनं तो कुणासाठी पाठवला, हे मी तिला कधी विचारलं नाही.

वायरमन दुसऱ्या दिवशी आला. गल्लीतलाच पोरगा, आयटीआय झालेला. फ्रायरकडे त्यानं बघितलंही नाही. भिंतीपाशी गेला, प्लग उपसला आणि म्हणाला, ‘काका, ह्यो कन्व्हर्टर कुणी लावला?’

जाड तीन पिनांचा प्लग छोट्या सॉकेटात बसावा म्हणून मिळतो तो पांढरा ठोकळा. एका बाजूनं आता पांढरा राहिला नव्हता. ‘पंधराशे वॅटचं यंत्र हाय. दोनशे तीसनं भागा.’ बँकेतल्या माणसाला भागाकार सांगतो! साडेसहा आले. ‘आणि सॉकेट कितीचं? सहाचं. त्यात पिना ढिल्या. तापनार न्हाई तर काय? तापलं की तुटतंय, गार झालं की जोडतंय. यंत्र ठणठणीत हाय तुमचं.’ कन्व्हर्टर कुणी आणला यावर घरात चौकशी झाली, ती अजून निकाली निघालेली नाही. सोळा अँपिअरचं मोठं सॉकेट ओट्याच्या दुसऱ्या टोकाला होतंच. त्यावर माझा मोबाइल चार्ज होत असे.

मी तिकोनी स्क्रूचा विषय काढला. तो म्हणाला, ‘बरं झालं उघडलं न्हाई. आत थर्मल फ्यूज असतोय. यंत्र लई तापलं की त्यो जळतोय आणि सगळं बंद करतोय. काही जण त्यो काढून वायर डायरेक्ट करून देत्यात. यंत्र चालतंय की मग. घर जळस्तवर चालतंय.’ एवढं बोलून त्यानं जळकं सॉकेट बदललं, फ्रायरला मोठ्या सॉकेटवर नेलं, मागं वाफ जायला वीतभर जागा सोडायला सांगितली आणि चहा न घेताच गेला.

तेव्हा वाचकहो, ओट्यावरचा कन्व्हर्टर आजच काढून टाका, एक्स्टेन्शन बोर्डावर फ्रायर लावू नका, आणि प्लग तापत असेल तर वायरमनला बोलवा, बाबूरावांना नको. राहता राहिला बटाटेवडा. तो फ्रायरमध्ये होत नाही. ओलं पीठ जाळीतून खाली गळतं आणि बटाटा उघडा पडतो. वडा कढईतलाच. तो हल्ली मी तळतो. पीठ पातळ होतं, अशी घरच्यांची तक्रार आहे.