जीआरई व्हर्बल: घरगुती सरावाची शास्त्रशुद्ध पद्धत

अमेरिकेत एमएस करायला निघालेल्या मराठी इंजिनिअरला जीआरईतल्या गणिताचे भय नसते. व्हर्बलमध्ये मात्र भलेभले गारद होतात. इंग्रजी कच्चे म्हणून असे होते, हा गैरसमज आहे. या विभागात जेवढे लिहिले आहे तेवढ्यावरूनच उत्तर द्यायचे असते, आणि हा प्रकार आपल्या घरात पूर्वी कधी घडलेला नसतो. समोरचा काय म्हणाला यापेक्षा त्याच्या मनात काय होते, यावरच आपले चहापाणी चालते. ही सवय मोडण्यासाठी पुढील अभ्यासक्रम आखला आहे.

साहित्य: घड्याळ, सोसायटीच्या नोटिसा, एक बोलकी आत्या आणि मावसभावाने दिलेली शब्दांची झेरॉक्स यादी.

पायरी 1: शब्द

विरुद्धार्थी शब्द आणि अ‍ॅनालॉजी हे प्रश्न ऑगस्ट 2011 मध्येच परीक्षेतून गेले. हे मावसभावाला सांगू नये, तो वाद घालतो. शब्द मात्र अजूनही लागतात, कारण रिकाम्या जागा त्यांनीच भरायच्या असतात. सुटा शब्द डोक्यात राहत नाही, म्हणून तो एखाद्या माणसाला चिकटवावा. गॅरुलस म्हणजे आत्या. पार्सिमोनियस म्हणजे रिक्षावाल्याकडून दोन रुपये परत मिळेपर्यंत खाली न उतरणारे काका. लकॉनिक म्हणजे कोणत्याही निकालावर ‘हं’ एवढेच म्हणणारे बाबा. ही वही उघडी टाकू नये. आत्याकडेही गूगल आहे.

पायरी 2: रिकाम्या जागा

टेक्स्ट कम्प्लीशनमध्ये एक ते तीन जागा भरायच्या असतात. तीन असतील तर तिन्ही बरोबर हव्यात. दोन बरोबर आल्याचे अर्धे गुण मागायला इथे पेपर तपासणारे सर भेटत नाहीत.

सरावासाठी लग्न जमवणाऱ्या बायकांचे बोलणे लक्ष देऊन ऐकावे. ‘मुलगा तसा चांगला आहे हो...’ यातला ‘तसा’ कानावर पडताच पुढचे वाक्य कुठे वळणार हे कळायला हवे. परीक्षेत ‘ऑल्दो’ किंवा ‘डिस्पाइट’ दिसले की हेच करावे: पर्याय झाकून आधी आपल्या मनाने जागा भरावी आणि मगच पर्याय पाहावेत.

सेंटेन्स इक्विव्हॅलन्समध्ये सहा पर्यायांतून दोन निवडायचे असतात. दोन्हींपैकी कोणताही घातला तरी वाक्याचा अर्थ तोच राहायला हवा. नको असलेल्या स्थळाला ‘बघू’ म्हटले काय किंवा ‘कळवतो’ म्हटले काय, तसेच हे. एखादा शब्द वाक्यात कितीही शोभून दिसला, तरी जोडीदार नसेल तर त्याचे इथे काही जमत नाही.

पायरी 3: उतारा

हा अभ्यासक्रमाचा गाभा. सोसायटीच्या फलकावरची नोटीस घ्यावी: ‘काही सभासद गच्चीवर कपडे वाळत घालतात. त्यामुळे पाण्याच्या टाकीकडे जाण्यास अडथळा होतो. नोंद घ्यावी.’

यावरून खात्रीने काय म्हणता येईल?
(अ) नोटीस 302 वाल्यांसाठी आहे.
(आ) सेक्रेटरींचे आणि 302 चे वाकडे आहे.
(इ) टाकीकडे जाणारी निदान एक वाट गच्चीवरून आहे.

घरातले सगळे (अ) आणि (आ) वर ठाम राहतील, आणि दोन्ही खरेही असेल. परंतु इथे खरे असून भागत नाही, ते मजकुरातून निघावे लागते. उत्तर (इ). त्यातला ‘निदान’ नीट पाहून ठेवावा. असा बिचकत बोलणारा पर्याय बरेचदा बरोबर निघतो. ‘सगळे’, ‘कायम’, ‘मुळीच नाही’ अशी छाती पुढे काढून येणाऱ्या पर्यायाला मात्र उताऱ्यातली ओळ दाखवायला सांगावी.

उतारा आपल्याच विषयावरचा निघाला तर दुप्पट सावध राहावे. फुलपाखरांविषयी आपण निमूटपणे लेखकाचे ऐकतो. संगणकाविषयी असेल तर त्याला शिकवायला लागतो.

पायरी 4: वेळ आणि कुटुंब

सप्टेंबर 2023 पासून ही परीक्षा दोन तासांच्या आत आटोपते. व्हर्बलच्या पहिल्या भागात 18 मिनिटांत 12 प्रश्न आणि दुसऱ्यात 23 मिनिटांत 15. पहिला चांगला गेला की दुसरा अवघड येतो, त्यामुळे दुसरा भाग पाहून घाम फुटला तर मनातल्या मनात पेढे वाटावेत. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. जेईईची धास्ती बाळगून प्रश्न कोरा सोडू नये.

परीक्षा घरून देणार असाल तर खोलीत दुसरे कोणी येता कामा नये आणि खाणेपिणेही बंद. हा सराव आईला द्यावा लागतो. पहिल्या आठवड्यात पाच मिनिटे दार न उघडणे, मग दहा, असे वाढवत न्यावे. ‘पोहे गार होताहेत’ हे दाराबाहेरून म्हटले तरी तो व्यत्ययच, हे तिला प्रेमाने समजवावे. कोणताही क्लास ही पायरी घेत नाही.

पायरी 5: गुण सांगणे

व्हर्बलचे गुण 130 ते 170 या पट्टीवर मिळतात. सगळी उत्तरे चुकली तरी 130. म्हणजे 150 मिळवणारा साधारण मधोमध असतो. काका मात्र 150 ला 170 ने भागून 88 टक्के काढतील आणि चौकात सांगतील. पट्टी 130 पासून सुरू होते हे त्यांच्या उताऱ्यात नव्हते. बाहेरची माहिती आणू नये.

अंतिम चाचणी

2020 नंतर अमेरिकेतल्या अनेक विभागांनी प्रवेशासाठी ही परीक्षा सक्तीची ठेवलेली नाही. त्यांचे एक वाक्य असे असते: ‘जीआरईचे गुण पाठवणे ऐच्छिक आहे.’

यावरून काय निष्कर्ष निघतो?
(अ) परीक्षा देण्यात अर्थ नाही.
(आ) न देणाऱ्याचा अर्ज गुपचूप बाजूला ठेवतात.
(इ) मावसभावाने दिली होती, तेव्हा तूही दे.
(ई) गुण पाठवले तरी चालतील, न पाठवले तरी चालतील.

मजकुराला धरून उत्तर (ई). रविवारच्या जेवणानंतर झालेल्या बैठकीत बहुमताने मंजूर झालेले उत्तर (इ). सोमवारी तारीख घ्यावी.