शासकीय किलोमीटर आणि इतर मापे

पदार्थविज्ञानात किलोमीटर म्हणजे एक हजार मीटरांचे ठरावीक अंतर, आणि ते पुण्याच्या पेठेत मोजले काय किंवा तोरणमाळच्या घाटात मोजले काय, त्यात फरक पडत नाही. परंतु महाराष्ट्राच्या शालेय शिक्षणात जो किलोमीटर प्रचलित आहे, तो प्रसंग पाहून आखडतो आणि पसरतो, आणि त्याच्या या दुर्मीळ गुणधर्माकडे अभ्यासकांचे द्यावे तेवढे लक्ष अद्याप गेलेले नाही.

या किलोमीटराचा उगम बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या 2009 च्या कायद्यात आहे. 1 एप्रिल 2010 पासून अमलात आलेल्या या कायद्याने शेजारच्या शाळेची कल्पना मांडली, म्हणजे पहिली ते पाचवीच्या मुलाला घरापासून एक किलोमीटरच्या आणि सहावी ते आठवीच्या मुलाला तीन किलोमीटरच्या आत शाळा मिळावी, असे नियमांत ठरले. त्याच कायद्याच्या कलम 12(1)(क) ने विनाअनुदानित खासगी शाळांना, म्हणजे सरकारकडून वेतनाचा पैसा न घेता पालकांच्या शुल्कावर चालणाऱ्या शाळांना, प्रवेशाच्या वर्गातील 25 टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांतील मुलांसाठी राखून ठेवण्यास सांगितले, आणि त्या मुलांच्या शुल्काची प्रतिपूर्ती, म्हणजे परतफेड, सरकारने करावी असे ठरवले. महाराष्ट्रात या परतफेडीचा दर दर मुलामागे वर्षाला 17,670 रुपये असा बांधला गेला. दर बांधणे आणि रक्कम देणे या दोन स्वतंत्र क्रिया असल्याने थकबाकी साचत गेली, आणि अखेर थकबाकी फेडण्यापेक्षा थकबाकीचे कारणच दूर करावे, हा विचार प्रशासनात प्रबळ झाला असावा.

9 फेब्रुवारी 2024 च्या अधिसूचनेने तो विचार पूर्णत्वाला नेला. ज्या खासगी शाळेच्या एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तिला 25 टक्क्यांच्या बंधनातून मुक्त करण्यात आले. शहरांत अशी शाळा एक किलोमीटरच्या आत बहुधा असतेच, किंबहुना ती असावी हीच कायद्याची अपेक्षा होती. त्यामुळे सरकारने कायदा जेवढा प्रामाणिकपणे पाळला असेल, तेवढी गरिबाच्या मुलाची खासगी शाळेतील जागा आपोआप रद्द होणार, अशी ही रचना होती. प्रवेशाच्या संकेतस्थळावर पालकांना मुख्यतः सरकारी आणि अनुदानित शाळाच दिसू लागल्या, जागा लाखांनी आणि अर्ज हजारांनी असे दृश्य निर्माण झाले, आणि ज्या शाळेत बिनअर्जाचे नाव घालता येते, तिच्यासाठी उत्पन्नाचा दाखला जोडून संगणकावर अर्ज का करावा, हे कोडे पालकांना सुटले नाही. मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात या तरतुदीला स्थगिती दिली आणि 19 जुलै 2024 रोजी ती रद्द केली. या प्रवेशप्रक्रियेत घर आणि शाळा यांमधले अंतर नकाशावर सरळ रेषेत मोजले जाते आणि त्याला हवाई अंतर असे म्हणतात. मधला नाला, महामार्ग आणि रेल्वेचे रूळ ओलांडण्यासाठी मुलाकडे पंख आहेत, हे त्यात गृहीत धरलेले असते.

खासगी शाळेला सूट देताना असा पोलादी ठरणारा हाच किलोमीटर, सरकारी शाळा बंद करण्याची वेळ आली की रबराचा होतो. सप्टेंबर 2023 मध्ये राज्याच्या शिक्षण खात्याने 20 पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव मागवले. पट म्हणजे हजेरीपुस्तकातील मुलांची संख्या, आणि समूह शाळा म्हणजे आजूबाजूच्या अनेक वाड्यावस्त्यांवरील मुलांना वाहनाने एकत्र आणणारी मोठी शाळा. पुणे जिल्ह्यातील पानशेत आणि नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळ येथील प्रयोगांचे दाखले त्यासाठी देण्यात आले. अशा लहान शाळांची संख्या राज्यात चौदा हजारांहून अधिक होती. मुलांना सवंगडी मिळावेत, खेळाचे मैदान मिळावे, विषयवार शिक्षक मिळावेत, ही यामागील कारणे वाचून डोळे पाणावतात, कारण पाड्यावरच्या मुलाच्या एकटेपणाची एवढी काळजी त्याच्या आईबापांनीही कधी केली नसेल. मात्र पाड्यावरून रस्त्यापर्यंत, आणि रस्त्यावर वाहन येईपर्यंत, हे अंतर कोणत्या मापाने मोजावे आणि पावसाळ्यात वाहन आले नाही तर थोरल्या बहिणीला धाकट्याला सांभाळायला घरीच ठेवले जाईल की काय, याची मोजणी या गणितात बसत नाही.

अंतराप्रमाणेच काळाचेही एक शासकीय माप आहे. महाराष्ट्राने 2001 पासून नव्या शाळांना ‘कायम विनाअनुदान’ तत्त्वावर परवानग्या दिल्या, म्हणजे या शाळेला सरकार कधीही वेतन अनुदान देणार नाही, हे जन्माआधीच लिहून घेतले. पुढे आंदोलने वाढली तेव्हा सरकारने 2009 मध्ये औदार्य दाखवले आणि त्यातील ‘कायम’ हा शब्द वगळला. वेतन देण्यापेक्षा शब्द वगळणे स्वस्त पडते, हा शोध अर्थशास्त्रापेक्षा व्याकरणात जमा करावा लागेल, कारण विशेषण गेले तरी ‘विनाअनुदान’ हे नाम जागेवरच राहिले. त्यानंतर मूल्यांकन आले, निकष आले, त्रुटी आल्या, त्रुटींची पूर्तता आली, आणि 2016 मध्ये पात्र शाळांना पहिले 20 टक्के अनुदान मिळाले. पुढचे 20 टक्के मिळण्यापूर्वी जी वर्षे जातात, त्या कालखंडास ‘टप्पा’ म्हणतात. शिक्षकाची ओळख यामुळे पदवीवरून न होता टक्क्यांवरून होऊ लागली. अमुक गुरुजी वीस टक्क्यांवर आहेत आणि तमुक चाळीसवर गेले, ही माहिती सोयरीक जुळवताना विचारली जाते, आणि मुंबईत आंदोलनाला बसण्याच्या आझाद मैदानाचा पावसाळी पत्ता अनेकांना शाळेच्या पत्त्याइतकाच पाठ झाला आहे. वर्गात अपूर्णांक शिकवण्यासाठी या शिक्षकांना वेगळ्या साधनांची गरज पडत नसावी.

देशपातळीवर माप एकच आहे आणि ते सहा टक्क्यांचे. राष्ट्रीय उत्पन्नाचा सहा टक्के हिस्सा 1985–86 पर्यंत शिक्षणावर खर्च व्हावा, असे कोठारी आयोगाने 1966 मध्ये सुचवले, 1968 च्या धोरणाने ते मान्य केले, आणि 2020 च्या धोरणाने ते पुन्हा तेवढ्याच उमेदीने मान्य केले. गोपाळ कृष्ण गोखले यांचे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक 1912 मध्ये 38 विरुद्ध 13 मतांनी फेटाळले गेले होते. परकीय सरकारला अशी मागणी तोंडावर नाकारावी लागली, कारण मान्य करून बाजूला ठेवण्याची कला तोवर विकसित झालेली नव्हती.

समूह शाळांचे प्रस्ताव मागवले गेले त्याच सप्टेंबर महिन्यात दत्तक शाळा योजनाही जाहीर झाली. उद्योगसमूह, संस्था किंवा दानशूर व्यक्तीने वस्तू व सेवांच्या रूपात मदत द्यावी आणि ठरावीक मुदतीपर्यंत शाळेच्या नावाला आपल्या पसंतीचे नाव जोडावे, असे तिचे स्वरूप होते. मोठ्या महानगरपालिकांच्या क्षेत्रात पाच वर्षांसाठी दोन कोटी आणि दहा वर्षांसाठी तीन कोटी, तर ग्रामीण भागात पन्नास लाख आणि एक कोटी, असे भाव ठरले. मुदतीने दत्तक घेण्याची प्रथा धर्मशास्त्राला ठाऊक नव्हती, आणि या योजनेत ‘कायम’ हा शब्द कटाक्षाने टाळलेला दिसतो. उरला प्रश्न ज्या शाळेला दाता मिळत नाही आणि विसाचा पटही गाठता येत नाही तिचा. तिच्या फलकावर कोणाचेही नाव जोडण्याची वेळ येणार नाही, मात्र तो फलक उतरवून समूह शाळेच्या अडगळीच्या खोलीपर्यंत नेण्यासाठी वाहतूक खर्चाची तरतूद प्रस्तावात करता येईल.